मेत्तदे आणि मेल्टाडा : काळ्या रानातील एका उंदराचे नाव व त्याचे वर्गीकरण

१. विषयप्रवेश

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने उंदराच्या वर्गीकरणावर लेख लिहावा, याचे या पत्रिकेच्या वाचकांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. प्राणिशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा प्रांत नव्हे. त्या शास्त्रात काही नवी भर घालण्याचा येथे उद्देशही नाही. परंतु प्राण्यांचे शास्त्रीय वर्गीकरण ही एका अंगाने पाहता नावांची व्यवस्था होय, आणि नाव कोठून आले, कोणी ऐकले, कसे लिहिले, कसे वाचले गेले, हे प्रश्न भाषाशास्त्राचे आहेत. ज्या नावाचा येथे विचार करावयाचा आहे ते दख्खनमधील एका बोलीतून उचलले गेले, रोमन लिपीत उतरले, लंडनमध्ये छापले गेले आणि त्या प्रवासात एका अक्षराने बदलले. तो बदल आज सर्व जगाने मान्य केलेला आहे. तो दुरुस्त का केला जात नाही, आणि दुरुस्त न करण्यातच शहाणपण का आहे, हे समजले म्हणजे नामकरण आणि वर्गीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत हे ध्यानात येते. त्याचबरोबर, दुरुस्त न होणाऱ्या त्या चुकीत आपल्या बोलींविषयीचे कोणते ज्ञान अडकून पडले आहे, हेही दिसू लागते.

विषय दूरचा नाही. लातूर जिल्ह्याच्या ईशान्य बाजूस, नांदेड जिल्ह्यातील मुखेड-कंधारला लागून जळकोटचा प्रदेश आहे. दख्खनच्या पठारावरील इतर भागांप्रमाणे येथेही सखल रानांत काळी माती आहे. या मातीतील चिकण अंश पाण्याने फुगतो व वाळला म्हणजे आकसतो. त्यामुळे चैत्र-वैशाखात रानाला हात-हात खोल भेगा पडतात. या भेगांतून, धुऱ्यावर रचलेल्या दगडांतून आणि झुडपांच्या बुडख्यांतून जो मऊ केसांचा, करड्या-तपकिरी पाठीचा आणि पांढुरक्या पोटाचा लहानसर उंदीर राहतो, तो या लेखाचा विषय होय. शेतकरी त्यास केवळ ‘उंदीर’ म्हणतो. शास्त्रात त्याचे नाव ‘मिलार्डिया मेल्टाडा’ असे आहे.

२. ‘उंदीर’, ‘मुस’ आणि ‘व्होल’

लोकभाषेतही वर्गीकरण असते, पण त्याची कसोटी निराळी असते. मराठीत ‘उंदीर’ हा शब्द संस्कृत ‘उन्दुर’ यावरून आलेला असून तो फार व्यापक आहे. घरातला, शेतातला, झाडावरचा, असे सर्व त्यात सामावतात. जो आकाराने मोठा व जमीन उकरणारा, त्यास मात्र ‘घूस’ हे वेगळे नाव मिळाले, कारण तिच्यामुळे होणारे नुकसान वेगळ्या प्रकारचे असते. ‘चिचुंद्री’ लोकव्यवहारात उंदरांच्याच पंगतीला बसते. शास्त्रदृष्ट्या मात्र ती कृंतक नव्हे, कीटकभक्षक आहे. उलट, खार आणि साळिंदर यांना कोणी उंदीर म्हणणार नाही, पण वरच्या व खालच्या जबड्यांत सतत वाढणाऱ्या पटाशीच्या दातांची एकेक जोडी असल्यामुळे ती दोन्ही उंदराच्याच कृंतक गणात येतात. लोकभाषा प्राण्याचा माणसाशी येणारा संबंध पाहते. शास्त्र प्राण्याचे प्राण्याशी असलेले नाते पाहते. दोन्ही वर्गीकरणे आपापल्या कामापुरती बरोबर आहेत.

शास्त्रीय वर्गीकरणाचा आरंभही याच व्यापक शब्दाने झाला. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना द्विपद नावे दिली; प्राणिनामकरणाचा अधिकृत प्रारंभ याच आवृत्तीपासून धरला जातो. त्याने उंदरांसारखे बहुतेक प्राणी ‘मुस’ या एकाच प्रजातीत घातले. हा लॅटिन शब्द आणि आपला ‘मूषक’ हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे फुटवे आहेत. म्हणजे लिनियसच्या ‘मुस’ची व्याप्ती जवळजवळ आपल्या ‘उंदीर’ या शब्दाएवढीच होती. पुढील अडीचशे वर्षांतील उंदरांच्या वर्गीकरणाचा इतिहास हा मुख्यतः या एका पोत्यातून निरनिराळे जिन्नस वेगळे करण्याचा इतिहास आहे.

त्यांतील पहिला मोठा जिन्नस म्हणजे युरोपातील शेतांतून आढळणारे, बोथट तोंडाचे, आखूड कानांचे व आखूड शेपटीचे कृंतक. इंग्रजीत त्यांस ‘व्होल’ म्हणतात. हा शब्द ‘शेत’ वा ‘कुरण’ या अर्थाच्या एका उत्तर-युरोपीय शब्दापासून आला असून मूळ समास ‘व्होल-माऊस’ म्हणजे शब्दशः ‘शेत-उंदीर’ असा होता. पुढे त्यातील ‘माऊस’ गळून पडला. लिनियसने १७६१ साली अशाच एका प्राण्यास ‘मुस अग्रेस्टिस’ म्हणजे ‘शेतातला उंदीर’ असे नाव दिले होते. आज तो ‘मायक्रोटस अग्रेस्टिस’ आहे. व्होलांच्या दाढांवर कडक लुकणाच्या नागमोडी घड्या असतात, तर आपल्याकडील उंदरांच्या वरच्या दाढांवर उंचवट्यांच्या तीन रांगा असतात. एवढ्या भेदावरून व इतर लक्षणांवरून व्होल हे क्रिसेटिडी कुलात, आणि आपले घर-उंदीर, शेत-उंदीर व घुशी या म्युरिडी कुलात मोडतात. भारतात व्होल हिमालयाच्या उंच प्रदेशात आढळतात. द्वीपकल्पात ते नाहीत.

असे असूनही युरोपातून आलेल्या अभ्यासकांना दख्खनच्या व बंगालच्या शेतांत प्रथम ‘व्होल’च दिसला. १८३० नंतरच्या दशकात शेतात राहणाऱ्या लहान घुशीचे वर्णन झाले तेव्हा तिला व्होलांच्या ‘अर्व्हिकोला’ या प्रजातीत घालून ‘अर्व्हिकोला बेंगालेन्सिस’ असे नाव देण्यात आले. तीच आज ‘बँडिकोटा बेंगालेन्सिस’ म्हणून ओळखली जाते. आपल्या देशातील शेताची जागा परदेशातील शेतासारखी, म्हणून तेथील रहिवासीही त्याच जातकुळीचा असावा, हा ग्रह स्वाभाविक होता. पण दाढांनी तो खोटा ठरविला. राहणीचे साम्य म्हणजे नात्याचे साम्य नव्हे, हा वर्गीकरणशास्त्राचा पहिला धडा येथे मिळतो.

३. धारवाडहून लंडनला

आता प्रस्तुत उंदराकडे वळू. त्याचा शास्त्रीय इतिहास जळकोटपासून नव्हे, तर धारवाडच्या बाजूने सुरू होतो. त्या काळी इंग्रज ज्यास ‘दक्षिण मराठा मुलूख’ म्हणत, त्या प्रदेशात वॉल्टर एलियट (१८०३–१८८७) हा मुलकी अधिकारी होता. १८२४ साली कित्तूरच्या उठावात तो काही काळ ओलीस राहिला होता. पुढे दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकांत त्याचे नाव झाले ते मुख्यतः शिलालेख व नाणी यांच्या संग्रहामुळे. चालुक्यांच्या शिलालेखांवरील त्याचा निबंध १८३७ साली प्रसिद्ध झाला. परंतु याच माणसाने या मुलखातील सस्तन प्राण्यांचीही एक सूची तयार केली, आणि ती १८३९ साली मद्रासच्या एका वाङ्मय-विज्ञानविषयक नियतकालिकात छापली गेली.

या सूचीचे वैशिष्ट्य भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ध्यानात घ्यावे असे आहे. एलियट प्राण्याच्या लॅटिन नावाबरोबर देशी नावे देतो, आणि ती कोणाची हेही सांगतो. लहान कृंतकांच्या बाबतीत त्याचे मुख्य माहीतगार होते वडार. तळी, विहिरी व बांध खणणारे हे लोक जमीन खोदत असल्यामुळे जमिनीत राहणाऱ्या प्राण्यांशी त्यांचा रोजचा परिचय. शिवाय यांतील काही उंदीर त्यांच्या खाण्यातही असत. वडारांची बोली तेलुगूच्या जवळची. मराठवाड्यातही वडारांची वस्ती जुनी आहे, आणि त्यांच्या बोलीचा तोंडवळा आजही तेलुगूचाच आहे. कन्नड आणि वडारी अशा दोन्ही बोलींतील नावे एलियटने शेजारी शेजारी नोंदली.

या नावांचा शास्त्रावर किती ठसा उमटला ते पाहण्याजोगे आहे. एका झुडपी उंदराचे कन्नड नाव ‘गुलंदी’. त्यावरून ‘गोलुंडा’ ही प्रजाती निर्माण झाली. वडारी नाव ‘गुलत-येलका’. त्यातील ‘येलका’ म्हणजे तेलुगूतील ‘एलुक’, अर्थात उंदीर, आणि आरंभीचा ‘ये’ हा द्राविड भाषांतील शब्दारंभीच्या ‘ए’चा नेहमीचा उच्चार. शेतातील लहान घुशीस कन्नडमध्ये ‘कोक’. त्यावरून ‘मुस कोक’ हे नाव झाले. हा ‘कोक’ आणि तेलुगू ‘पंदिकोक्कु’ म्हणजे ‘डुक्कर-उंदीर’ यातील ‘कोक्कु’ हे एकच. याच ‘पंदिकोक्कु’पासून इंग्रजीत ‘बँडिकूट’ झाला, त्यावरून ‘बँडिकोटा’ ही प्रजाती, आणि तोच शब्द पुढे ऑस्ट्रेलियातील पिशवीधारी प्राण्यांनाही चिकटला.

काळ्या रानातील मऊ उंदरास वडार जे नाव देत ते एलियटने रोमन लिपीत एम, ई, टी, टी, ए, डी, ई अशा अक्षरांनी लिहिले. आपण तूर्त ते ‘मेत्तदे’ असे वाचू. एलियटने स्वतः त्यास ‘मुस लॅन्युजिनोसस’ म्हणजे ‘लोकरीसारखा उंदीर’ असे लॅटिन नाव योजिले होते. परंतु त्याने गोळा केलेले नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचले होते, आणि तेथील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे याने एलियटची सूची प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १८३७ साली, त्यांतील अनेकांची वर्णने छापून टाकली. नाव देताना ग्रेने बहुधा नमुन्यांबरोबर आलेली देशी नावेच उचलली. त्याने या उंदरास ‘गोलुंडा मेल्टाडा’ म्हटले. दोन ‘टी’पैकी पहिल्याच्या जागी ‘एल’ आला होता.

हस्तलिखितात ‘टी’ची आडवी रेघ पुसट राहिली म्हणजे ते अक्षर ‘एल’सारखे दिसते, मोडी वाचणाऱ्यास अशा घसरणीचे उदाहरण शोधावे लागणार नाही. ग्रेचा डोळा येथे असाच फसला असावा. ज्या वर्षी एलियटने चालुक्यांचे शतकानुशतकांपूर्वीचे लेख विद्वानांपुढे ठेवले, त्याच वर्षी त्याने नोंदविलेला एक जिवंत शब्द लंडनमध्ये चुकीचा छापला गेला.

४. पाठशुद्धी आणि नामस्थैर्य

आपल्या विद्याशाखेचा संस्कार असा की, अशुद्ध पाठ सापडला तर तो शुद्ध करावा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच भूमिकेतून. मग ‘मेल्टाडा’चे ‘मेट्टाडा’ करण्यास हरकत कोणती? हा प्रयत्न झालाही. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड याने १८९१ साली ‘मुस मेट्टाडा’ असे लिहिले. या उंदराचे इंग्रजीतील ‘मेटाड’ हे नावही शुद्ध रूपावरूनच आलेले आहे. पण शास्त्राने ग्रेचे अशुद्ध रूपच कायम ठेवले.

याचे कारण आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत सापडते. या संहितेची पहिली आवृत्ती १९६१ साली निघाली. चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. तिच्यातील दोन तत्त्वे येथे महत्त्वाची. पहिले अग्रक्रमाचे : एकाच जातीस अनेक नावे दिली गेली असतील तर सामान्यतः सर्वांत आधी विधिपूर्वक प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य. त्यामुळे १८३९ चे एलियटचे ‘लॅन्युजिनोसस’ १८३७ च्या ग्रेच्या नावापुढे मागे पडले, जरी प्राणी पाहणारा, त्याची राहणी अभ्यासणारा व त्याचे नाव ऐकणारा एलियटच होता. दुसरे तत्त्व मूळ लेखनाचे : नावाचे लेखन मूळ प्रसिद्धीत जसे असेल तसेच राहावे. त्यात अनवधानाने झालेली चूक दुरुस्त करता येते. पण ती चूक आहे हे त्याच मूळ प्रकाशनावरून, बाहेरील कोणत्याही पुराव्याचा आधार न घेता, स्पष्ट दिसले पाहिजे. ‘मेल्टाडा’ चुकीचे आहे हे आपणास कळते ते एलियटच्या सूचीवरून, म्हणजे बाहेरच्या पुराव्यावरून. सबब दुरुस्ती अग्राह्य.

भाषाशास्त्रज्ञास हा नियम प्रथम कठोर वाटतो. परंतु त्यामागील विचार सुसंगत आहे. ज्ञानेश्वरीच्या ओवीत शब्द अर्थ वाहतो. पाठ बिघडला तर अर्थ बिघडतो. शास्त्रीय नावाचे काम अर्थ सांगणे हे नसून निर्देश करणे हे आहे. ते जगभरच्या अभ्यासकांनी, निरनिराळ्या भाषांतून, निरनिराळ्या शतकांतून एकाच जातीकडे बोट दाखविण्यासाठी वापरावयाचे चिन्ह होय. प्रत्येक व्युत्पत्तिपंडिताने आपल्या मताप्रमाणे चिन्ह सुधारावयाचे ठरविले, तर बोट कोणाकडे आहे हेच कळेनासे होईल. सोस्यूरने शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक म्हटला. प्राणिनामकरणाने ही यादृच्छिकता नियमाने स्वीकारली आहे.

याचे अगदी आपल्या घरचे उदाहरण १९७५ सालचे आहे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील मिश्रा व धांदा यांनी सिंहगडावरील एका उंदराचे याच प्रजातीतील नवी जात म्हणून वर्णन केले आणि किल्ल्याच्या जुन्या नावावरून तिला नाव दिले. ‘कोंढाणा’ या शब्दातील ‘ढ’चा महाप्राण व ‘ण’चे मूर्धन्यत्व रोमन लेखनात उरले नाही, आणि नाव ‘मिलार्डिया कोंडाना’ असे झाले. ते आता तसेच राहील. कोणी मराठी अभिमानाने ते सुधारू पाहील तर त्याची सुधारणा शास्त्रात टिकणार नाही, व टिकू नये.

५. नाव स्थिर, स्थान अस्थिर

नाव इतके घट्ट धरले जाते ते दुसरी बाजू मोकळी राहावी म्हणून. जाती कोणत्या प्रजातीत, कोणत्या शाखेत घालावयाची हा नामकरणाचा नव्हे, वर्गीकरणाचा प्रश्न. त्याचे उत्तर ज्ञानाबरोबर बदलते, आणि बदललेच पाहिजे. ‘मेल्टाडा’ हे जातिनाम १८३७ पासून चालत आले, पण त्याचे प्रजातिनाम अनेकदा बदलले.

ग्रेने त्यास ‘गोलुंडा’त घातले. ब्लॅनफर्डच्या ग्रंथात ते ‘मुस’ या जुन्या व्यापक प्रजातीत परतले. १९११ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतातील सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली. तिचा पहिला अहवाल खानदेशाचा होता. या पाहणीचे सूत्रचालक, सोसायटीचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांचे नाव देऊन लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस याने त्याच वर्षी ‘मिलार्डिया’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली व मेल्टाडा तिची नमुनाजाती ठरविली. १९६१ साली भारतीय कृंतकांवरील आपल्या ग्रंथात एलर्मनने ‘मिलार्डिया’ला स्वतंत्र न मानता ‘रॅटस’ या घर-उंदरांच्या विस्तृत प्रजातीत सामावून घेतले. १९६९ साली मिसॉन याने दातांच्या रचनेचा अभ्यास करून ती पुन्हा वेगळी केली, आणि १९७५ च्या मिश्रा-धांदा यांच्या समीक्षेतही ती स्वतंत्र प्रजाती म्हणूनच आली. मेल्टाडा, कोंडाना, वायव्येकडील ग्लीडोवी आणि म्यानमारमधील कॅथलीनी अशा चार जाती आज तिच्यात मोडतात.

या बदलांची नोंद नावाच्या लेखनातच राहते. ‘मिलार्डिया मेल्टाडा (ग्रे, १८३७)’ असे लिहितात तेव्हा ग्रेचे नाव कंसात आहे, याचा अर्थ ग्रेने ही जाती दुसऱ्या प्रजातीत वर्णिली होती व पुढे ती हलविली गेली. प्रजाती बदलली नसती तर कंस आला नसता. ज्या विद्यार्थ्यास हा कंस वाचता येतो, त्यास नावातूनच वर्गीकरणाचा इतिहास आहे हे कळते.

हलविण्यामागील लक्षणेही थोडक्यात सांगितली पाहिजेत. घर-उंदराच्या मागील तळव्यावर सहा गाद्या असतात. चढण्याच्या कामी त्या उपयोगी पडतात. मेल्टाडाच्या तळव्यावर त्या कमी, चार किंवा पाच, असतात. मादीच्या आचळांची संख्या आठ, घर-उंदरापेक्षा कमी. दाढांचा घाट निराळा. ही लक्षणे किती वजनाची मानावयाची, यावरच एलर्मन व थॉमस यांचा मतभेद होता. जनुकांच्या तुलनेने या वादाला नवे परिमाण मिळाले. २००८ साली लकोंत व तिच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील व आशियातील उंदरांच्या जनुकक्रमांचा अभ्यास करून मिलार्डिया व तिच्या जवळच्या भारतीय प्रजाती यांची ‘मिलार्डिनी’ अशी स्वतंत्र शाखा मांडली. त्यांचे नाते ‘रॅटस’पेक्षा आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांतील उंदरांच्या शाखांशी अधिक जवळचे दिसते. जो उंदीर १९६१ मध्ये घर-उंदराचा सख्खा मानला गेला, तो चुलत घराण्यातला निघाला. एवढी उलथापालथ झाली तरी ‘मेल्टाडा’ हे नाव जागचे हलले नाही. म्हणूनच १८३९ मधील निरीक्षण आज याच प्राण्याविषयीचे म्हणून वाचता येते.

६. निरीक्षणाचे मोल

ते निरीक्षण वाचण्याजोगे आहेच. एलियट सांगतो की हा उंदीर लागवडीच्या रानातच राहतो. फार खोल बीळ करीत नाही. झुडपाच्या मुळाशी उथळ भोक, दगडांचा ढीग, घुशीचे सोडलेले बीळ, नाही तर काळ्या मातीतील उन्हाळी भेगा एवढ्यावर भागवितो. पावसाच्या आरंभी भेगा बुजतात आणि त्यांत हे उंदीर मोठ्या संख्येने मरतात. १८२६ साली आरंभीचा पाऊस अपुरा पडला, आणि उंदरांची इतकी पैदास झाली की पेरलेले बी त्यांनी खाल्ले. पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे तोडली. काही शेते अशी उद्ध्वस्त झाली की शेतकऱ्यांस सारा भरता येईना. शेतकऱ्यांनी वडारांना उंदीर मारण्यास लावले, डझनांच्या हिशेबाने धान्याची मापे दिली, हजारो उंदीर मारले गेले. तरी संख्या घटल्याचे जाणवले नाही.

या वर्णनात एक कार्यकारणसंबंध आहे : भेग, पहिला पाऊस आणि उंदरांची संख्या. काळी माती जेथे जेथे भेगाळते तेथे, म्हणजे जळकोटच्या सखल रानातही, हा संबंध तपासण्याजोगा आहे. येथे वर्गीकरणाचा व्यवहाराशी संबंध येतो. लहान घूस खोल, अनेक तोंडांची बिळे करते व त्यांत धान्य साठविते. तिच्या बिळाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसतो. मेल्टाडाला तसे बीळ नसते. बिळात औषध घालून तोंड लिंपण्याचा उपाय घुशीस लागू पडेल, पण भेगेत व दगडात राहणाऱ्यास नाही. ‘रानात उंदीर लागला’ या वाक्यातील ‘उंदीर’ कोणता, हे न ओळखता केलेला उपाय श्रम व पैसा दोन्ही वाया घालवितो. लोकभाषेतील व्यापक शब्द व्यवहारास पुरतो असे वर म्हटले. तो कोठे अपुरा पडतो, ते येथे दिसते.

७. उरलेला प्रश्न

शास्त्राच्या दृष्टीने ‘मेल्टाडा’चा प्रश्न मिटलेला आहे, भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो खुला आहे. वडारांच्या मूळ शब्दाचा अर्थ काय? तेलुगूत ‘मेत्त’ म्हणजे मऊ; उंदराचे केस मऊ असल्यामुळे ही व्युत्पत्ती जुळते, आणि आपण वर ‘मेत्तदे’ हे वाचन त्याच गृहीतावर स्वीकारले. परंतु तेलुगूत ‘मेट्ट’ असाही शब्द आहे. त्याचा अर्थ उंचवट्याची, पाटपाण्याविना पिकणारी कोरडवाहू जमीन. हा उंदीर कोरडवाहू रानातलाच असल्यामुळे हीही व्युत्पत्ती तितकीच जुळते. ‘मऊ तो’ की ‘कोरड्या रानातला तो’? पहिला शब्द अंगावरून नाव देतो, दुसरा राहणीवरून. म्हणजे वडारांच्या वर्गीकरणाची कसोटी कोणती होती हाच प्रश्न या दोन शब्दांत आहे. एलियटचे रोमन लेखन त्याचा निर्णय देऊ शकत नाही, कारण त्या लिपीत दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांस एकच अक्षर आहे. ग्रेने ‘टी’चा ‘एल’ केला त्याची चर्चा पुष्कळ होते. पण अधिक मोठी हानी त्याआधीच, शब्द कानावरून कागदावर येताना झाली होती. ग्रेची चूक एलियटच्या सूचीवरून ओळखता तरी येते. दंत्य-मूर्धन्य भेद कोणत्याही छापील पुस्तकातून परत मिळणार नाही.

तो मिळाला तर बोलणाऱ्याच्या मुखातूनच मिळेल. मराठवाड्यातील वडार कुटुंबांत घरी वडारी बोलणारे आहेत; परंतु खणण्याचे काम यंत्रांकडे गेले, मुले मराठी शाळांत शिकली, आणि जमिनीतील प्राण्यांची नावे जाणणारी पिढी वृद्ध होत चालली आहे. या विभागाच्या विद्यार्थ्यांनी जळकोट, उदगीर, मुखेड या परिसरात बोलीचे सर्वेक्षण करताना नात्याचे शब्द, संख्यावाचके व क्रियारूपे यांबरोबर प्राण्यांच्या नावांचीही एक प्रश्नावली न्यावी, असे सुचवावेसे वाटते. त्यात दोन नियम पाळावेत. शब्द देवनागरीत व ध्वनिलिपीत असा दोन्ही प्रकारे टिपावा आणि ध्वनिमुद्रित करावा, म्हणजे दंत्य-मूर्धन्य, अल्पप्राण-महाप्राण हे भेद हरवणार नाहीत. दुसरे, शब्दाबरोबर प्राणी निश्चित ओळखला जावा. त्यासाठी प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याचे साहाय्य घ्यावे. ज्या शब्दाचा निर्देश ठाऊक नाही तो कोशाला अपुरा, आणि ज्या प्राण्याचे स्थानिक नाव ठाऊक नाही त्याची राहणी शेतकऱ्याला विचारणे अवघड.

मराठी पाठ्यपुस्तके व कृषिविषयक पुस्तिका लिहिणाऱ्यांपुढेही हाच विवेक असावा. शास्त्रीय नाव ‘मिलार्डिया मेल्टाडा’ असेच लिहावे. त्यात व्युत्पत्तीच्या बळावर फेरफार करू नये. मराठी नाव मात्र इंग्रजीचे भाषांतर करून बनविण्यापूर्वी रानात कोणते नाव चालते ते पाहावे. एलियटने एवढे केले होते. त्याच्या कानाला दोन ‘त’कारांतला भेद नोंदता आला नाही, पण कोणास विचारावे हे त्याने अचूक ओळखले होते. आपल्यापाशी ध्वनिलिपी आहे, यंत्र आहे, आणि ती बोली आपल्या गावांतच बोलली जाते.